दारातल्या मातीचा खोटा वाफा

मित्रांनो, मी एक जुना वाफा आहे, आणि माझ्यात आजवर कुणी गवताचे पातेसुद्धा उगवू दिलेले नाही. सहा फूट लांब, चार फूट रुंद, वीतभर खोल. विरारच्या एका कॉलेजच्या मागच्या भिंतीला, मोडक्या बाकांच्या शेजारी, निळ्या ताडपत्रीखाली मी पडून आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की त्यांना थोडी दया हवी असते, थोडे कौतुक हवे असते. मला तसले काही नको. माझ्यामुळे एका घराचे फार वाईट झाले आहे, ते सांगायचे आहे, आणि सांगून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणे आहे. पावसाळा संपायला थोडेच दिवस उरलेत, म्हणून मी घाईत आहे. मध्येच उठून जाऊ नका.

कॉलेजातली पोरे मला 'खोटा वाफा' म्हणत. अहवालात माझे नाव लांबलचक होते, ते मला कधी पाठ झाले नाही. माझा साचा पाचूबंदरच्या जयवंतभाऊंनी घडवला. ते बोटींची फायबरची कामे करतात, मासे ठेवायचे बर्फाचे कप्पे बनवतात. "थेंब बाहेर जानार नाय, म्याडम. बोटीचा काम हाय," असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले होते, आणि ते खरेच होते. माझ्यातून कधी थेंबही गळला नाही.

मला बनवून घेणाऱ्या वसुंधरा मॅडम कॉलेजात शिकवतात. त्यांचे माहेर साताऱ्याकडचे, राहायला इथेच विरारला, सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. त्यांना एकच ध्यास होता. मातीत ओल किती आहे हे शेतकऱ्याला घरबसल्या कळले पाहिजे, म्हणजे तो पाणी वायाही घालवणार नाही आणि झाडे तहानेलीही ठेवणार नाही. ओल मोजायच्या पद्धती पुष्कळ आहेत. पण त्यातली कुठली बरोबर बोलते हे कसे ठरवायचे? खऱ्या शेतात दोन पावलांवर ओल बदलते आणि खरा आकडा कुणालाच ठाऊक नसतो. उत्तरच ठाऊक नसले तर परीक्षा कशी घेणार?

म्हणून मॅडमनी एक खोटी जमीन तयार केली. ती मी. माझ्या चार पायांखाली चार वजनकाटे बसवले. माझ्यात वाटीभर पाणी ओतले तरी काट्यावर दिसायचे आणि वाळून गेले तरी दिसायचे. माझ्या पोटात किती पाणी आहे हे मला आणि काट्यांना नेहमी ठाऊक असे. माझ्या पश्चिमेला भुईगावच्या किनाऱ्यासारखा रेतीचा उंचवटा केला होता, मग हलका उतार, मग सखल कोपरा. छतावरच्या नळ्यांतून पाऊस पडे, मोठे दिवे ऊन होत, पंखा वारा घाली. पोरांनी वाढदिवसाच्या केकवरचे प्लॅस्टिकचे माड आणि एक गायही आणून ठेवली होती. गाय माडापेक्षा मोठी होती. मॅडमनी ती काढली नाही.

आता माती कुठली घालायची? इथली खरी माती हवी होती. आगाशीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला हरेश्वरकाका आणि कमळीमावशी यांची वाडी आहे. वाडीचे वरचे टोक घराच्या दाराला लागते, खालचे टोक खाडीच्या बांधाला. मधोमध बावखल आहे, म्हणजे पावसाचे गोडे पाणी साठवणारे खोल तळे. त्या पाण्यावर वाडी मे महिन्यापर्यंत तगते. आणि अगदी खाली, बांधाजवळ, राजेळी केळीची अकरा बेटे होती.

राजेळी तुम्ही खाल्ली आहे का? लांब, जाड, तीन धारांचे केळे. ते पिकले की सोलून उन्हात वाळवायचे, संध्याकाळी सुक्या पानांत गुंडाळून ठेवायचे, सकाळी पुन्हा उन्हात मांडायचे. आठवडाभराने त्याची मधाच्या रंगाची सुकेळी होते. कमळीमावशींच्या सासूबाईंनी ती केळी लावली होती. सासूबाई गेल्या, पण मुळाशी फुटणाऱ्या पिल्लांमधून, ज्यांना मुनवे म्हणतात, ती केळी तशीच पुढे चालत आली होती. बाजारात राजेळी म्हणून दुसरी मिळते. मावशी म्हणतात तिची सुकेळी चिवट होते आणि मुलेसुद्धा अर्धी खाऊन टाकून देतात.

मॅडम वाडीत गेल्या आणि म्हणाल्या, "काका, बारा गोणी माती द्याल का? कॉलेजला हवीय." हरेश्वरकाकांना केवढा आनंद झाला! आजवर लोक त्यांच्याकडे पपई मागायला येत, पाने मागायला येत, माती मागायला पहिल्यांदाच कुणी आले होते. त्यांनी दारातली, फणसाखालची माती खणली. पिढ्यान् पिढ्या शेणखत खाल्लेली, काळीभोर, भुसभुशीत. वर ती चाळली, खडे वेचले, मुळ्या काढल्या. मॅडमनी विचारले, "खारी नाही ना?" काका हसून म्हणाले, "छे वो! एकदम गोडी हाय. चाखून बघा." मावशींनी चहा केला, बरोबर सुकेळ्यांची पुडी दिली, आणि त्या मातीच्या रूपाने मी टेम्पोतून कॉलेजात आलो. पाहुण्याला रिकाम्या हाताने आणि वाईट वस्तू देऊन पाठवत नाहीत, ही त्या घराची रीत. त्या दिवशी मला ती फार गोड वाटली होती.

मॅडमनी मला खाऱ्या पाण्यापासून तर डोळ्यांत तेल घालून जपले. त्यांच्या इमारतीत टँकरचे खारे पाणी येते. नळ पांढरे होतात, बादलीला थर बसतो, गीझर दोनदा बदलावा लागला. रोज सकाळी त्या पाण्याशी भांडून त्या कॉलेजात येत. वर पुस्तकातही लिहिलेले होते की मीठ असले तर आकडे बिघडतात. म्हणून माझ्यासाठी फिल्टरचेच पाणी वापरायचे, असा त्यांचा कडक नियम होता. बिघडवणारी गोष्ट आत येऊच द्यायची नाही! मित्रांनो, या एका नियमावर आम्ही दोघेही बुडालो.

दोन वर्षे माझ्यावर परीक्षा चालल्या. माझी चिमूटभर माती ओव्हनमध्ये वाळवून तोलत. छताला टांगलेला एक डोळा उपग्रहासारखा वरून बघून ओल सांगे. त्याचे आकडे कायम वाऱ्यावर असत, मला त्याचा भारी राग यायचा. आणि एक होती काडी. वीतभर लांबीची, तीन बोटे रुंद. ती मातीत खुपसली की मातीत बारीक वीज सोडायची आणि त्यावरून ओल ओळखायची. स्वस्त, साधी, मोबाइलला जोडता येणारी. ओल असली की हिरवा दिवा, तहान असली की लाल.

एका समारंभाला हरेश्वरकाकांना बोलावले होते. मॅडमनी त्यांना सांगितले, "काका, यंत्र राहू द्या, तुम्ही सांगा." काकांनी माझी मूठभर माती घेतली, दाबली, बोटांनी मोडली आणि म्हणाले, "पाच आने ओल हाय." म्हणजे सोळा आणे ही तुडुंब भरलेली माती धरली तर त्यातले पाच. मॅडमनी काट्यावरून हिशेब केला. पाच आणे! काडीही तेच सांगत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. काका लाजले आणि काडीकडे असे बघू लागले, जणू ती त्यांच्याच भावकीतली निघाली. त्या दिवसापासून त्यांचा काडीवर स्वतःच्या हाताएवढा विश्वास बसला. तो विश्वास त्यांना मी दिला होता, मित्रांनो. हे मी विसरू शकत नाही.

काडी पास झाली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, त्या मोठ्या गायीसकट. मार्गशीर्षात चौदा वाड्यांत काड्या बसवल्या. हरेश्वरकाकांच्या वाडीत दोन. एक वर दाराजवळ, एक खाली राजेळीच्या बुडाशी. बावखलातले पाणी थोडे असते, तेव्हा ते कुठल्या झाडाला आणि कधी द्यायचे, हे काडी सांगणार होती.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. मॅडम फोनवर बोलत, त्यावरून मला कळत गेले.

फाल्गुन उलटला की खाडीचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. तिथले सगळे लोक हे जाणतात. बांधाजवळची माती दरवर्षी खारावते, आणि मावशी दरवर्षी बावखलाचे गोडे पाणी भरपूर सोडून ते मीठ खाली ढकलत. कुणी शिकवले नव्हते, सासूबाई करायच्या म्हणून त्या करत. आता मिठातून वीज सहज धावते. त्यामुळे खाऱ्या मातीत मूठभर ओल असली तरी काडीला घागरभर वाटते. खालच्या काडीचा दिवा हिरवागार झाला आणि हिरवाच राहिला. काकांनी सगळे पाणी वरच्या झाडांना वळवले.

चैत्रात राजेळीची पाने कडेने करपायला लागली. मावशी काकांशी भांडल्या, तेव्हा काकांनी मॅडमना फोन लावला. मॅडम माझ्याच काठावर टेकून बोलत होत्या. त्यांनी मोबाइलवर खालच्या काडीचा आकडा पाहिला. "काका, तिथे पाणी प्रमाणाबाहेर झालंय. मुळं कुजत असणार. आठ दिवस पाणी एकदम बंद ठेवा."

मी ते ऐकले आणि मला काहीच वाटले नाही! उलट ऐटीत होतो. माझ्याकडून पास झालेली काडी चुकेल कशी?

दहा दिवसांनी कमळीमावशी स्वतः आल्या. आगाशीहून बसने, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चारेक किलो माती. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून आत आल्या. चेहरा घामाने भिजलेला होता.

"म्याडम, माजी केळी मरतात," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "चार बेटां आडवी झाली. तुमचा मशीन हिरवा दिवा दावतो. आठ दिस उलटून गेले तरी हे बोलतात, म्याडमनी सांगलाय, पानी नाय द्यायचा. तुमी त्यांना सांगा ना, पानी सोडा म्हनून. तुमचा ऐकतील."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. "मावशी, मला कळतंय तुम्हाला किती वाईट वाटतंय. पण काडी चुकत नाही हो. या, दाखवते."

त्यांनी एक काडी घेतली आणि माझ्यात खुपसली. मोबाइलवर आकडा आला. मग काट्याचा आकडा दाखवला. दोन्ही सारखे. मग दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. सगळीकडे सारखे. मी खरे तेच सांगत होतो, आणि माझ्या प्रत्येक खऱ्या उत्तराबरोबर मावशींचे तोंड अधिकच उतरत होते.

"तुमच्या वाफ्यात बोलतो खरा," त्या हळूच म्हणाल्या. "माज्या केळीखाली का नाय बोलत?"

"माती तुमचीच आहे मावशी. तुमच्याच वाडीतली."

मावशींनी माझी चिमूट उचलली, बोटांत चोळली. त्यांची मान एकदम वर झाली. "ही नाय ती माती."

"अहो, काकांनी स्वतः खणून दिलीय. मी समोर होते."

नवऱ्याने दिलेल्या वस्तूला परक्या बाईसमोर नावे ठेवणे मावशींच्या जिवावर आले असेल. मग त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि ती सगळी माती माझ्या सखल कोपऱ्यात ओतली. दोन्ही हातांनी सारखी करून तिथल्या काडीभोवती दाबली. "मंग ही पन ठेवा. ही पन आमचीच हाय." एवढे बोलून त्या चपला घालून निघून गेल्या. मॅडम जिन्यापर्यंत धावल्या, पण मावशी थांबल्या नाहीत.

मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. तेवढ्यात परीक्षेच्या कामासाठी त्यांना बोलावणे आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दिवे बंद झाले, दाराला कुलूप लागले.

आणि मित्रांनो, मला ती माती कळली. पहिल्या तासाभरातच कळली. ती हाताला जेमतेम ओलसर होती, दोन आणेही नसेल, पण तिच्यात मीठ होते. खूप मीठ. फिल्टरच्या पाण्यावर वाढवलेल्या माझ्या अंगात ते आगीसारखे उतरत गेले. कोपऱ्यातल्या काडीचा आकडा झरझर वर चढला. नऊ आणे, दहा आणे! आणि खालचे काटे मात्र त्या मातीच्या वजनापलीकडे काही दाखवत नव्हते. पाणी आलेच नव्हते, तर वजन कुठून येणार? त्या क्षणी मला सगळे उमगले. मी कुणाला पास केले, कशावर पास केले, आणि आगाशीच्या पलीकडे काय चालले असेल.

अकरा दिवस कुलूप होते. अकरा दिवस! परीक्षा चालू होत्या, या बाजूला कुणी फिरकले नाही. कोपऱ्यातला संगणक दर तासाला दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहीत होता. काडी म्हणे दहा, काटे म्हणत दोन. दहा, दोन. दहा, दोन. एवढे साधे होते. पहिलीतल्या मुलाला दाखवले असते तरी त्याने विचारले असते की हे असे कसे? पण बघायला कुणी नव्हते. मला तोंड नाही. मला हलता येत नाही. गळालो असतो तरी शिपायाने दार उघडून बघितले असते, पण जयवंतभाऊंनी मला इतके पक्के केले होते की मला गळताही येईना. एकेक दिवस उजाडे आणि मी मनात मोजत असे, आज पाचवे बेट गेले असेल, आज सहावे. मोजायचे नाही असे ठरवूनही मोजत असे. मला घडवले ते खरे सांगण्यासाठी, आणि खरे माझ्या पोटात असताना ते बाहेर पडत नव्हते. असे दिवस कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

बाराव्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी सवयीने संगणक सुरू केला आणि कपाळाला आठी पडली. "इथे कुणी पाणी सांडलं?" असे स्वतःशीच म्हणत त्यांनी माझ्या कोपऱ्यात हात घातला. माती भुरभुरली. वर पांढरट पापुद्रा आला होता. त्या तो पापुद्रा बघतच राहिल्या. तो त्यांच्या ओळखीचा होता, रोज सकाळी नळावरून खरवडायच्या तसाच. त्यांनी बोट जिभेला लावले.

मग त्या तिथेच, फरशीवर, खाली बसल्या.

हात मातीने भरले होते म्हणून त्यांनी मोबाइल माझ्या काठावर ठेवून फोन लावला. काकांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"काका, कॉलेजला माती दिलीत, ती वाडीतल्या कुठल्या जागेची होती?"

"दारातली. फनसाखालची. का वो, काय झाला?"

"बांधाजवळची त्यात नव्हती? थोडीसुद्धा?"

"बांधाची?" काकांना प्रश्नच कळेना. "ती खारी माती तुमाला कशी देनार म्याडम? कालेजला जानार म्हनून मी चाळून दिली ना. खालची काय कोनाला द्यायची माती हाय?"

पलीकडून काका "हॅलो, हॅलो" करत राहिले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "काका, केळीला आत्ता पाणी सोडा. बावखलातलं सगळं सोडा. दिव्याकडे बघू नका, काडी उपटून फेकून द्या. चूक माझी आहे. मी विचारलं नाही. तुम्ही चांगलंच दिलंत, मी वाईट मागायला हवं होतं."

"म्याडम," काका म्हणाले, "बावखलात आता चिखलच उरलाय."

मॅडम त्याच दुपारी वाडीत गेल्या. शेजारच्या वाडीतून हंड्यांनी पाणी आणून मावशींनी आणि त्यांनी तीन बेटांना घातले, पाच दिवस घातले. तीनच हिरवी उरली होती. परत येताना त्यांनी वाडीतल्या विहिरीचे खारे पाणी चार कॅन भरून आणले आणि ते माझ्यात ओतले, जाणूनबुजून, सगळीकडे. मग पुन्हा काडी लावली. काडी नापास झाली. मॅडमनी तसा अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला, वर स्वतःचे नाव घातले, आणि स्कूटरवरून चौदाही वाड्यांत जाऊन काड्या काढून आणल्या. प्रत्येक दारात उभे राहून त्यांनी आपली चूक सांगितली. एका घरात त्यांना पाणीही विचारले नाही. ते त्यांनी कुणाला सांगितले नाही, माझ्याजवळ बसल्या होत्या तेव्हा पुटपुटल्या.

मिठाने माझे काटे गंजले. आता माझ्यावर कुणाची परीक्षा होणार नाही. मला बाहेर आणून टाकले, त्याचे मला दुःख नाही. ते खारे पाणी अंगावर घेतले तो दिवस माझ्या आयुष्यातला एकच कामाचा दिवस होता.

पण राजेळी वाचली नाही. आषाढात मावशींनी शेवटचे बेट खणले. कंद आतून काळा पडला होता, बोटाने दाबला तर पाणी आले. एकाही कंदाला डोळा नव्हता, एकही मुनवा नव्हता. मॅडम तिथे होत्या. मावशी रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. खड्ड्याच्या कडेला बसून फक्त एवढेच म्हणाल्या, "सासूला काय सांगू?"

आता माझे मागणे ऐका. मावशींना आठवते की गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांनी आणि सासूबाईंनी कितीतरी लोकांना मुनवे दिले. बसमध्ये भेटलेल्या बाईला दिले, लग्नाला आलेल्या पाहुण्यांना दिले, भुईगावच्या क्लेमेंटला दिले, माहेरी दिले. मागणाऱ्याचे नाव कुणी विचारून ठेवत नाही. क्लेमेंटच्या वाडीत आता इमारत उभी आहे. माहेरची केळी पुरात गेली. मॅडम दर रविवारी घरोघरी जाऊन विचारतात. लोक दाखवतात ती दुसरीच निघते. पाऊस आहे तोवर माती गोडी आहे, तोवरच मुनवा जीव धरील.

मित्रांनो, ओल मोजायला शिका, यंत्रे बनवा, पण परीक्षा घ्यायला बसाल तेव्हा सगळ्यात वाईट माती कुठे आहे ते विचारा आणि ती मागून घ्या. ती कुणी आपणहून देणार नाही. हा माझा उपदेश, लक्षात राहिला तर ठेवा. आज मात्र घरी जाऊन आधी आजी-आजोबांना विचारा, मावशी-आत्यांना फोन करा. कधी काळी आगाशीकडून आलेली राजेळी तुमच्या परसात, गावाला, कुंपणाच्या कडेला उभी आहे का? असेल तर कमळीमावशींना एक मुनवा पाठवा. देताना चांगलाच शोधत बसू नका. खुरटा असेल, किडका असेल, कसाही असेल, तो द्या.